कडोली ते अथणी आणि परत : गाडी घेण्यापूर्वीचे पाच दिवस

पहिला दिवस : कडोली, बेळगाव

नोव्हेंबरच्या अखेरीस रताळ्यांची काढणी अंगावर आलेली असताना घरातल्या दोन कर्त्या माणसांनी पाच दिवस फिरतीवर जावे, हे आमच्या घरी कोणालाच रुचले नव्हते. तरीही मी आणि माझा धाकटा भाऊ निघालो, कारण आम्हाला नवी छोटी मालवाहू गाडी घ्यायची होती आणि ती घेण्याआधी ज्यांनी अशी गाडी स्वतःच्या पैशाने घेऊन चार-पाच वर्षे वापरली आहे त्यांच्याशी बोलायचेच, असा माझा हट्ट होता. मी बेळगावच्या बाजार आवारात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. भाऊ कडोलीची शेती पाहतो आणि गेली नऊ वर्षे आमची व शेजाऱ्यांची भाजी चोर्ला घाटाने गोव्यात पोचवतो. नऊ वर्षांपूर्वी गाडी घेताना निवड मी केली होती, कारण हिशेब मला कळतो असे घरात सगळे मानतात. मी तेव्हा किंमत, हप्ता आणि लिटरमागे मिळणारे किलोमीटर एवढेच पाहिले. गाडीत बसून पाहा, असे मी भावाला सांगितल्याचे मला आठवत नाही.

निघण्यापूर्वी मी जुन्या गाडीची चालकाची बैठक प्रथमच नीट पाहिली. रेक्झिन मधोमध फाटलेले होते आणि आतला स्पंज चार बोटे खाली गेला होता. त्यावर गोणपाटाची घडी होती, घडीवर भावजयीने जुन्या लुगड्याची शिवून दिलेली हातभर चौकोनी गोधडी होती आणि गोधडीच्या उजव्या कडेचे टाके उसवलेले होते, कारण चढताना आणि उतरताना तेथेच घासते. पाठीमागची गादी केबिनच्या मागच्या पत्र्याला टेकलेली असल्याने ती मागे कलण्याचा प्रश्नच नव्हता. गादीच्या वर जेथे खांदे टेकतात तेथील पत्र्याचा रंग जाऊन तो भांड्यासारखा चकचकीत झाला होता. ही गाडी कोणत्या कंपनीची हे येथे महत्त्वाचे नाही, कारण त्या किमतीच्या वर्गात बहुतेक गाड्यांची मांडणी अशीच असते. इंजिन बैठकीखाली, पाठ सरळ, पुढे पाय लांब करायला जागा नाही.

गेल्या पावसाळ्यात भावाला एका सकाळी अंथरुणातून उठताच आले नाही. कण्याच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तीन आठवडे गाडी बंद झाली. बदली चालकाला फेरीमागे ९०० रुपयांप्रमाणे १८ फेऱ्यांचे १६,२०० रुपये मी वहीत लिहिले. डॉक्टर, औषधे आणि पट्टा यांचा खर्च मी घरखर्चात लिहिला होता. तो गाडीच्या खात्यावर लिहायला हवा होता हे माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली, आणि या प्रवासाचे मूळ तेथे आहे.

पहिल्या दिवशी लांब जायचे नव्हते. पहाटे बाजार आवारात भाजीच्या गाड्या खाली होत असतात, तेव्हा मालक आणि चालक दोघेही जागेवर सापडतात. उचगावच्या एका शेतकऱ्याकडे पाऊण टन क्षमतेची नवी पेट्रोल गाडी होती. किमतीबद्दल त्याने समाधानच सांगितले. "किमतीला काय नाव ठेवायचं न्हाई बघा, हप्ता कुठं जातोय ते कळतबी न्हाई. पण रिकामी असली की नुसती उड्या मारत्या." त्याची रोजची धाव उचगाव ते बेळगाव आणि परत एवढीच, तेव्हा त्या उड्या त्याला अर्धा-पाऊण तास सोसाव्या लागतात. येळ्ळूरच्या दुसऱ्या एका मालकाकडे पुढे बॉनेट असलेली पिकअप होती, जिला आमच्याकडे नाकाची गाडी म्हणतात. इंजिन पुढे असल्याने केबिन तापत नाही आणि पायाला जागा मिळते, म्हणून तो खूश होता. मात्र गल्लीत वळवताना ती लांब पडते आणि तिच्यासाठी घेतलेल्या कर्जाचे अजून तीन हप्ते बाकी असल्याने भाताच्या पैशातून काहीच हाती राहत नाही, हेही त्याने तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

आपल्या भागात या गाड्या किती लवकर रुळल्या याचे मला नेहमी नवल वाटते. २००५ साली टाटा एस बाजारात आली, तेव्हा तिचे ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन केवळ १६ अश्वशक्तीचे होते. तरी मालवाहू रिक्षाच्या तीन चाकांवर माल नेणाऱ्याला चार चाके, दारे असलेली केबिन आणि पाऊण टनाचा हौदा मिळाला, आणि लोकांनी तिचे नावच छोटा हत्ती ठेवले. पुढे २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त, २०१६ मध्ये मारुती सुझुकीची सुपर कॅरी आणि २०१९ मध्ये टाटा इंट्रा आली. बोलेरो पिकअप तर प्रत्येक तालुक्याच्या बाजारात दिसते. रिक्षावरून या गाडीत आलेल्या पहिल्या पिढीला ती आरामशीर वाटली, कारण तुलना रिक्षाशी होती. आता जे तक्रार करतात त्यांनी या गाड्यांत आठ-दहा वर्षे काढली आहेत, आणि त्यांच्या बोलण्याला वजन आहे ते त्यामुळेच.

दुसरा दिवस : बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी

नऊ वर्षांत मी भावाबरोबर चोर्ल्याची फेरी कधीच केली नव्हती. रात्री अडीच वाजता कोबीची २० पोती भरून आम्ही निघालो. गोव्याला लागणाऱ्या भाजीचा मोठा भाग बेळगावातूनच जातो आणि ती सकाळच्या बाजाराला पोचावी लागते, म्हणून हा रस्ता रात्रीच जागा असतो. पिरनवाडी, किणये मागे पडले, जांबोटीनंतर जंगल सुरू झाले आणि थंडी वाढली, तरी आमच्या पायाखालचा पत्रा गरमच होता.

माझ्या हिशेबातली एक चूक येथे सांगितली पाहिजे. गाडीची क्षमता पाऊण टन, म्हणजे ५० किलोची १५ पोती. आम्ही २० घालतो. ती ओढावीत म्हणून तीन वर्षांपूर्वी मागच्या पाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, प्रत्येक बाजूला एक जादा पाटा घालून घेतला, आणि तो खर्च दोन महिन्यांत सुटल्याचा आनंद मला झाला होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी किमान २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे, ही भीती मला ठाऊक होती. पण जादा पाट्याचा दुसरा परिणाम मला ठाऊक नव्हता. पाटे हे मालाच्या वजनाखाली दबण्यासाठी असतात. वजन असले की ते दबतात आणि खड्ड्याचा धक्का गिळतात. गाडी रिकामी असली की ते दबतच नाहीत आणि धक्का जसाच्या तसा चौकटीत, तेथून बैठकीत आणि बैठकीतून कण्यात जातो. एक पाटा वाढवला की रिकामी गाडी आणखी ताठ होते. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते सहा या गतीने येणारे हेलकावे सर्वाधिक जाचतात, कारण धड त्याच गतीला आपसूक डोलू लागते आणि धक्का कमी होण्याऐवजी वाढतो. खराब रस्त्यावर रिकाम्या मालगाडीत बसलेल्याला हे पुस्तकात वाचावे लागत नाही.

कणकुंबीला माउलीचे मंदिर आहे आणि तेथेच मलप्रभा उगम पावते. भाऊ दरवेळी येथे थांबतो हे मला माहीत होते, आणि तो देवाला व चहाला थांबतो असा माझा समज होता. गाडी थांबवून तो खाली उतरला, मागे गेला, फाळक्याच्या वरच्या कडेवर दोन्ही तळवे टेकवून पुढे वाकला आणि तसाच उभा राहिला. मी घड्याळ पाहिले नाही, पण टपरीवाल्याने चहा गाळून पेले भरले आणि त्यावर साय धरली तरी तो तसाच होता. टपरीवाल्यानेही हाक मारली नाही, म्हणजे त्याला हे सवयीचे झाले होते. किती दिवस असे करतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "दोन-तीन वर्षं झाली की, दादा. हितं जरा ताणलं की घाट उतरतो."

टपरीवर आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. खानापूरहून विटा नेणाऱ्या एका मालकाने सव्वा टनाची बिननाकाची डिझेल गाडी घेऊन चार वर्षे झाली होती. तिच्यात पॉवर स्टेअरिंग आहे. पूर्वीच्या गाडीत घाटाची वळणे घेताना खांदे भरून येत, आता एका हाताने चाक फिरते, आणि याच एका गोष्टीसाठी ४०-५० हजार जास्त गेले असते तरी दिले असते, असे तो म्हणाला. मात्र मालगाडीच्या किमतीत दुसरी एक गोष्ट मिळत नाही याकडेही त्याने लक्ष वेधले. ती म्हणजे मागेपुढे सरकणारी आणि उंची बदलता येणारी बैठक. ही सोय आता काही गाड्यांत येते, पण ती वरच्या किमतीच्या प्रकारात येते आणि विक्रेता खालच्या प्रकाराची किंमत सांगून सुरुवात करत असल्याने बहुतेकांना तिची माहितीच होत नाही. त्याच्या शेजारी बसलेला कडोलीकडचाच एक तरुण मात्र ठाम होता की आपल्या वयाला बैठक-बिठक काही लागत नाही, गाडी ओढली पाहिजे. भाऊ त्याच्याकडे पाहून काहीच बोलला नाही. नऊ वर्षांपूर्वी तोही हेच म्हणाला असता.

चोर्ल्याचा उतार मी डोळे उघडे ठेवून पाहिला. बैठकीचा पुढचा भाग खचल्याने मांडीला आधार मिळत नाही, त्यामुळे उतारावर माणूस पुढे घसरतो आणि स्वतःला मागे रेटण्यासाठी डावा पाय सतत ताठ ठेवतो. त्याच पायाने क्लच दाबायचा असतो. साखळीला माल उतरवून परतताना भावाने नारळाचे भाडे घेतले. हे भाडे नेहमीच कमी असते आणि इतक्या पैशासाठी तासभर कशाला थांबायचे, म्हणून मी वर्षानुवर्षे त्याच्यावर कुरकुर करत आलो आहे. परतीच्या चढावर त्याने सहज सांगितले की नारळ पैशासाठी घेत नाही, मागे थोडे वजन असले की गाडी उडत नाही. माझ्या वहीत ते भाडे तोट्याचे म्हणून लाल शाईने लिहिलेले आहे.

तिसरा दिवस : काकती, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी

जुनी गाडी घरी ठेवून आम्ही बसने निघालो. भावाच्या पाठीला एक दिवस विसावा मिळावा हे कारण होतेच, शिवाय रस्त्यात कोणी ओळखीचे भेटले तर त्याच्या गाडीत बसून पाहता येईल असाही विचार होता, आणि संकेश्वरला तसेच घडले. हत्तरगीच्या टोलनाक्यावर एका पिकअपवाल्याचा वैताग खिडकीतून ऐकू आला. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास त्याला मिळत नाही, कारण तो खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांनाच आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीला दर फेरीला टोल द्यावा लागतो आणि हाही गाडीच्या किमतीचाच भाग आहे, कारण पाच वर्षांत तो कोठे मोठ्या रकमेला पोचतो ते हप्त्यासारखे दिसत नाही.

संकेश्वरच्या बसथांब्यावर भावाच्या ओळखीचा एक चालक मिरचीची पोती घेऊन निपाणीला निघाला होता. त्याने आम्हाला केबिनमध्ये घेतले आणि रुंदीकरणाच्या कामामुळे काढलेल्या वळणांवरून, पुढे तवंदी घाटातून आम्ही निपाणीत उतरलो. ही नाकाची गाडी होती. भाऊ मधे बसला होता. तो वाटेत एकदा म्हणाला की पाय गरम झाले नाहीत, आणि त्या दिवशी गाडीबद्दल त्याने एवढेच मत दिले.

निपाणीत आत्याच्या घराजवळ तंबाखूच्या वखारीचे एक मालक आहेत, त्यांच्या तीन गाड्या आहेत आणि तिन्ही चालक पगारी आहेत. त्यांचे म्हणणे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण हिशेबाच्या दृष्टीने ते सर्वांत पक्के होते. ते वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत आहेत, त्यामुळे मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळते. मालवाहू गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. करापूर्वीची किंमत ७ लाख धरली, तर पूर्वी ८ लाख ९६ हजार मोजावे लागत, आता ८ लाख २६ हजार. आमच्यासारख्या शेतकऱ्याला, ज्याची करनोंदणी नाही, हे ७० हजार प्रत्यक्ष वाचतात. वखारीच्या मालकांना मात्र पूर्वीचे १ लाख ९६ हजारही वजावटीत परत मिळत होते. एकच गाडी, एकच दुकान, पण त्यांची किंमत वेगळी आणि आमची वेगळी. कोणी आपल्याला गाडी स्वस्त पडली असे सांगितले, तर तो कोणत्या बाजूचा आहे हे आधी विचारावे लागेल, हे मला त्यांच्याशी बोलताना कळले.

दुसरी गोष्ट त्यांनी परवान्याची सांगितली. मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परवाना लागत नाही. आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाला, ज्याची गाडी सकाळी बेळगावात, दुपारी गोव्यात आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात असते, ही सवलत लहान नाही. त्यावरच्या वजनाची गाडी घेतली की परवाना, त्याचे नूतनीकरण आणि दुसऱ्या राज्यात जायचे तर त्याची वेगळी तजवीज, हे सर्व पाठीशी लागते. चालकाच्या परवान्याची काळजी मात्र संपली आहे, कारण हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणाऱ्याला ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

बैठकीबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या तिन्ही गाड्या उत्तम आहेत आणि गेल्या चार वर्षांत काहीही तक्रार आलेली नाही. वखारीबाहेर त्यांचा एक चालक टायरची हवा पाहत होता. त्याला हाच प्रश्न विचारला, तर तो इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "मालक बसून बघूदेत की एकदा, पोती घालून संकेश्वरापतूर." मालक खोटे बोलत होते असे मला मुळीच वाटत नाही. तक्रार त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, जशी ती नऊ वर्षे माझ्यापर्यंत पोचली नव्हती.

चौथा दिवस : चिकोडी, अंकली, अथणी

निपाणीहून चिकोडी, तेथून अंकलीजवळ कृष्णा ओलांडून कागवाडमार्गे अथणी, असा हा दिवस. गळीत हंगाम सुरू झाल्याने रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा होत्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे आमची बस रांगत होती. छोट्या गाड्यांच्या चालकांचे येथे काय होत असेल हे खिडकीतून दिसत होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन् तास, क्लचवरचा पाय क्षणभरही मोकळा नाही, आणि इंजिन बैठकीखाली असेल तर दुपारी अंग भाजते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, पण तो नियम साडेतीन टनांवरच्या गाड्यांना आहे. आमच्या गाड्या त्याखालच्या. रस्ता तोच, ऊन तेच आणि केबिन अधिक लहान, तरी या चालकांची गणना त्या नियमात होत नाही, याचे मला फार वाईट वाटले.

अथणी हे चपलांचे गाव. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते गृहस्थ गावोगावच्या कारागिरांकडून चपला गोळा करून कोल्हापूर आणि मिरजेला पोचवतात. माल हलका, पण जागा खाणारा. त्यांना ताकदीची गाडी नको, लांब हौद्याची हवी, आणि भारच नसल्याने त्यांची गाडी कायम रिकामीसारखीच धावते. म्हणजे पाठीचा सर्वांत जास्त त्रास त्यांना व्हायला हवा होता. त्यांच्या वयस्कर चालकाने पूर्वी तो होता असे कन्नडमध्ये सांगितले, "सोंटा नोय्तैत्री," कंबर दुखते, आणि मग केबिनचे दार उघडून आम्हाला आत बसायला लावले.

बैठक मूळची नव्हती. चामड्याच्या कामात हात बसलेल्या एका कारागिराने तिचा सांगाडा तेवढा ठेवून बाकी सर्व नव्याने बांधले होते. तळाला काथ्याची जाड चटई, त्यावर बोटाने दाबला तर जेमतेम दबणारा कडक फोम, त्यावर दोन बोटांचा मऊ फोम आणि वर जाड कापड, कारण रेक्झिनवर घाम धरतो. पुढची कड मुद्दाम दोन बोटे उंच केलेली होती, ज्यामुळे मांडीला आधार मिळतो. पाठीच्या गादीत कमरेच्या खोलगट जागी येईल असा तळहाताएवढा उंचवटा होता. तो ठरवण्यासाठी कारागिराने चालकाला भिंतीला टेकून बसवले होते आणि कमरेमागच्या पोकळीत आपली मूठ घालून माप घेतले होते. खर्च आला ४,५०० रुपये.

भाऊ आत बसला आणि त्याने डोळे मिटले. मी बाहेर उभा राहून त्या चालकाला कन्नड-मराठीत विचारत होतो की किती दिवस टिकली, पावसात फुगते का, कापड किती वर्षांनी बदलावे लागते. उत्तरे सगळी मिळाली. भाऊ मात्र बराच वेळ उतरला नाही. मी तोपर्यंत लाख-दीड लाख जास्त देऊन नाकाची गाडी घ्यायची की नाही या एकाच प्रश्नाभोवती फिरत होतो. आराम हवा तर वरच्या किमतीची गाडी, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आरामाचे तीन-चार वेगळे भाग आहेत. पाटे आणि चौकट ही कंपनीकडून येते आणि ती नंतर आरामासाठी बदलता येत नाही. पॉवर स्टेअरिंगचेही तसेच. इंजिनाची जागाही ठरलेली. पण बैठक बदलता येते, आणि ती गाडीच्या किमतीच्या एका टक्क्यापेक्षाही कमी पैशात. म्हणून जे नंतर बदलता येत नाही त्यालाच दुकानात पैसे द्यावेत आणि बाकीचे गावच्या कारागिराकडून करून घ्यावे, असा निर्णय आम्ही अथणीच्या बसथांब्यावर घेतला.

पाचवा दिवस : गोकाक, बेळगाव

गोकाकला बस बदलण्यापुरतेच थांबलो आणि घरच्यांसाठी करदंट या तिथल्या मिठाईची दोन पाकिटे घेतली. दुपारी बेळगावात येऊन थेट गाड्यांच्या दुकानात गेलो.

मागच्या वेळी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या माणसाने मला फक्त महिन्याचा हप्ता सांगितला होता आणि मीही तेवढाच लिहून घेतला होता. या वेळीही सुरुवात तशीच झाली. सात लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज. पाच वर्षांना हप्ता १४,८७३ रुपये, सात वर्षांना ११,६२१ रुपये, आणि महिन्याला सव्वातीन हजार वाचतात म्हणून सात वर्षेच घ्या, असा आग्रह. मी तेथेच कागदावर गुणाकार केला. पाच वर्षांत एकूण ८ लाख ९२ हजार जातात, सात वर्षांत ९ लाख ७६ हजार. हप्ता हलका करण्यासाठी ८३ हजारांहून अधिक रुपये जास्त द्यायचे, आणि शेवटची दोन वर्षे गाडी जुनी झाल्यावर दुरुस्तीही आणि हप्ताही. ज्याचे उत्पन्न खरेच अडते त्याने लांब मुदत घ्यावी, त्यात काही वावगे नाही, पण दोन्ही आकडे समोर ठेवूनच त्याला विचारले पाहिजे. आम्ही पाच वर्षे घेतली.

गाडी ठरली ती सव्वा टनावरची, बिननाकाची, पॉवर स्टेअरिंगची आणि एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेली. नाकाची गाडी भावाला अधिक आवडली होती हे मला माहीत होते आणि मी तसे दुकानात म्हणालोही. त्याने कडोलीच्या गल्लीतले वळण, परवाना आणि कर्ज यांचा विचार करून हीच हवी असे सांगितले. त्याने एक अट मात्र घातली आणि ती माझ्याकडून वदवून घेतली. या गाडीत २५ पोतीच भरायची, २६ वे नाही, आणि पाटा वाढवायचा नाही.

त्यानंतर

मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी गाडी घरी आली. पूजा झाल्यावर त्याच आठवड्यात तिची चालकाची बैठक काढून आम्ही शहापुरातल्या एका बैठका शिवणाऱ्याकडे दिली आणि अथणीला पाहिलेली रचना त्याला समजावून सांगितली. त्याने भावाला भिंतीला टेकून बसवले आणि मुठीने माप घेतले. वहीत मी ते ४,८०० रुपये गाडीच्या किमतीतच मिळवले. नारळाच्या भाड्याचे जुने आकडेही काळ्या शाईने पुन्हा लिहिले.

पहिल्या फेरीला मी बरोबर गेलो. रताळ्यांची २५ पोती होती. कणकुंबीला टपरीसमोर गाडी थांबली, मी उतरलो आणि सवयीने मागे फाळक्याकडे पाहत राहिलो. भाऊ तेथे आला नाही. टपरीवाला दोन पेले घेऊन बाहेर आला, क्षणभर मागच्या बाजूला पाहून थबकला आणि मग पुढे जाऊन त्याने एक पेला खिडकीतून आत दिला. भावाने बसूनच चहा घेतला.